पाडव्याची हवाई

माजलगाव
कार्तिक वद्य तृतीया, शके १८५४

दाजींना धर्मराजचा रामराम.

बर्फ नेमका कितीला पडला, असं विचारलंत. पैशाचं सोडा, बर्फाचाच हिशेब देतो. हैदराबादेहून निघाला तेव्हा म्हशीच्या रेडकाएवढा ठोकळा होता. आगगाडीच्या डब्यानं त्यातलं एक तंगडं पिऊन टाकलं. जालन्याच्या फलाटावर हमालांनी "बघू तरी कसा लागतो" म्हणत कोपरे फोडून नेले. तिथून मोटारीत टाकला. पोत्यातून धार लागली तर मोटारवाला पंडित मला तोंड वर करून सांगतो, "पाणी न्हाई मालक, गाडीला घाम आलाय." गोदावरीच्या नावेवर एका बाईचं पोर तापानं फणफणलेलं होतं, तिला दिला तो दिलाच पाहिजे होता. माजलगावात पोतं सोडलं तेव्हा आत भुसाच भुसा आणि भुशात नारळाएवढा तुकडा. रेडकाचा नारळ झाला, बाकीचं रस्त्यानं खाल्लं. पण तो नारळ शिवकन्येनं दोन्ही हातांत धरला, "मामा, पोळतंय!" म्हणून किंचाळली, आणि तरी सोडला न्हाई. तेवढ्यात सगळं वसूल झालं.

भाऊबीजेला रुक्मिणी पोरीला घेऊन आली तेव्हा मी सहज विचारलं होतं, "शिवा, पाण्याच्या अवस्था किती?" पोरीनं डोळे मिटले, हात जोडले आणि एका दमात उर्दूत म्हणाली, "ठोस, माए, गैस." म्हणजे आपलं घट्ट, पातळ आणि हवा. म्हटलं, यातली ठोस तू पाहिलीस का? म्हणते, "न्हाई, पुस्तकातलं ते पान फाटलंय." दाजी, पान फाटलं म्हणून पोरीचा बर्फ गेला! म्हणून मी तो मागवला. तिनं तो वाटीत वितळू दिला, वाटी चुलीवर चढवली, वाफ झाकणीवर धरली आणि झाकणीवरचे थेंब चाटून म्हणाली, "मामा, हे तेच की! नुसती लुगडी बदलतंय." मग तिला सरकी काढायच्या जीनमध्ये नेलं. तीच वाफ कोंडली की माझं इंजिन कसं ढकलते ते दाखवलं.

आता शोभेच्या दारूचं. तुम्ही लिहिता, "मुलीच्या जातीला हवाई उडवायला शिकवलंत, शी!" मी हवाई उडवली, तिनं प्रश्न विचारला. म्हणाली, "आग खाली जोर करते, तर काठी वर कावून जाते?" उत्तर सांगितलं न्हाई. तिला रुळावरच्या ढकलगाडीत बसवलं आणि सरकीची बोचकी मागं फेकायला लावली. बोचकं मागं गेलं की गाडी पुढं सरकायची. चौथ्या बोचक्याला तिचं तिलाच उमगलं. घट्ट दारूची पेटून हवा होते, ती खाली फेकली जाते, म्हणून काठी वर जाते. यात शी म्हणण्यासारखं काय ते मला तरी सापडलं न्हाई. मला शिसारी येते ती तुमच्या ओट्यावर बसून पोरीला पोपट करणाऱ्या त्या मास्तराची.

आंबेजोगाईला बायनाबाई आहेत, तुमच्याच चुलत बहीण. तिथं मुलींची शाळा आहे. पोरीला तिथं ठेवा. रुक्मिणीला तुमच्या घरी दुसरेपणावर दिली तेव्हा मी भट्टीत कोळसा ओढत होतो, तोंड उघडायची माझी पत नव्हती. आता आहे, म्हणून उघडतो.

तुमचा मेहुणा
धर्मराज


चौसाळा
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

राजमान्य धर्मराज यांस अर्जुनराव देशमुखांचा आशीर्वाद.

तुमचं पत्र पावलं. कोळसा ओढून वर आलेल्या माणसाच्या बोलण्याला थोडी धग असायचीच, आम्ही मनावर घेत नाही. रुक्मिणीनं वाचून दाखवा म्हणून हट्ट धरला. आम्ही गाळून वाचलं.

आता कामाचं. येत्या गुढीपाडव्याला जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा दौरा आमच्याकडे आहे. मुक्काम आमच्याच आमराईत. त्यांच्या मजलिशीत एक खुर्ची रिकामी झाली आहे आणि ती कोणाच्या बुडाखाली शोभेल हे तुम्हाला सांगायला नको. पलीकडचे मोहनराव साहेबांपुढे घोडी नाचवणार म्हणे. नाचवोत. घोडी कितीही नाचली तरी जमिनीवरच राहते. आम्ही हवाई सोडणार! अशी की उडावी चौसाळ्यात आणि मान वर करावी बीडच्या लोकांनी.

त्याआधी शिवकन्या साहेबांपुढे त्या तीन अवस्था उर्दूत म्हणेल. मास्तर म्हणतात, अगदी पोपटासारखी बोलते. तुम्हाला त्यात खुपतं काय? पोपट बोलतो म्हणूनच त्याला पिंजरा चांगला मिळतो.

हवाई तुम्ही करून पाठवावी. काम साधलं तर मृगाच्या आत मुलगी आंबेजोगाईला जाईल. हा देशमुखाचा शब्द आहे.

अर्जुनराव


चौसाळा
पौष वद्य पंचमी

मामा,

मी शिवकन्या. हे पत्र मीच लिहिते आहे. माय शेजारी बसून दाणे निवडते आणि मधेच म्हणते, "माझा पण रामराम लिही." लिहिला.

थंडीत तूप थिजलं. मी गाडगं चुलीजवळ सरकवलं, तर पातळ झालं. परत लांब ठेवलं, परत थिजलं. असं मी सारखं केलं तर माय म्हणाली, "ते तूप हाय, त्याला खाऊ दे की जरा दम." गुऱ्हाळावर पण गेले होते. रसाची वाफ जाते, मग काकवी उरते, मग गूळ होतो. गूळ म्हणजे रसाची ठोस का? सिदू गाडीवान म्हणाला, "गूळ म्हंजे गूळ, खा बे गप." मला बे म्हणाला म्हणून माय त्याला रागावली.

पण मामा, एक अडलं आहे. देवघरातल्या डबीत कापराच्या वड्या होत्या. झाकण नीट बसलं नव्हतं. वड्या बारीक झाल्या. डबीत ओल नव्हती. म्हणजे कापूर पातळ झालाच नाही आणि गेला. मग तो माए न होता कुठं गेला? मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "पूछना मना है." मी म्हटलं, पण मास्तर, तीन म्हणता आणि हा तर मधली गाळून गेला. तर त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. कान अजून सुईं करतो. दादांना सांगितलं तर दादा म्हणाले, "साहेबांपुढे कापूर काढू नको म्हणजे झालं."

माय म्हणते, मामाला इंजिनाच्या आवाजावरून कुठला खिळा ढिला आहे ते कळतं. माझा कान बरा झाला की मला पण कळेल का?

शिवकन्या


माजलगाव
माघ शुद्ध चतुर्थी

शिवाबाय,

तुझ्या कानाखाली वाजलेली मला इथं ऐकू आली. पोरगी बरोबर विचारते आणि मोठा माणूस हात उचलतो. त्या दिवशी दिवसभर तोंडात काहीतरी कुजल्यासारखं वाटत होतं. कानात कोमट तेल घाल, आणि विचारणं सोडू नको.

तुला सापडलं ते खरं आहे. कापूर मधली पायरी गाळतो. घट्टाची थेट हवा होते. पण तो नाहीसा होत न्हाई. डबी उघडल्यावर नाकाला जे येतं ना, ते कापराचं भूत न्हाई, तो कापूरच आहे. आणि गूळ म्हणजे नुसती रसाची ठोस नव्हे, रसातलं पाणी उडवून मागं उरलं ते. हा फरक तूपवाल्या बाईला समजेल. मास्तराला समजायला दुसरा जन्म लागेल.

तुझ्या दादांची हवाई करतो आहे. नळीतली दारू पेटली की तिची हवा आणि धूर होणार, तो वाऱ्यावर जाणार. पण नळीचं टरफल आणि खालची काठी, ती काही हवा होत न्हाई. काठी कापूर नव्हे. ती जितकी वर जाईल तितकी खाली येईल आणि कुठं तरी पडेल. म्हणून आमराईपासून कडब्याच्या गंज्या लांब ठेवायला सांग.

आणखी एक. काठी मी तोलून बसवली आहे. वर वजन वाढलं की हवाई तोल सोडून आडवी पळते. तिला वर साधा धागासुद्धा बांधायचा न्हाई. दादांनाही कळवतो आहे, पण ते पत्रं गाळून वाचतात म्हणून तुला सांगून ठेवतो.

मला पाडव्याला येता येणार न्हाई. बॉयलर उघडून ठेवलाय.

मामा


चौसाळा
चैत्र शुद्ध षष्ठी, शके १८५५

राजमान्य धर्मराज यांस अनेक आशीर्वाद.

फत्ते! असा पाडवा चौसाळ्यानं पाहिला नाही आणि पाहणार नाही.

तुमची हवाई सिदूनं सुखरूप आणली. पण काय हो, नुसती नागडी काठी! पाडव्याचा दिवस, अंगणात उभी काठी, आणि तिला कापड नको? जाणारा-येणारा विचारू लागला, "देशमुख, गुढी अशी उघडी कावून?" काही बांधू नका असं तुम्ही लिहिलं होतं खरं, पण ते कारखान्यात चालत असेल. आम्ही जरीचा खण बांधला, लिंबाचा डहाळा लावला, साखरेची गाठी घातली आणि वर रुक्मिणीचा तांब्याचा तांब्या पालथा घातला. तोच, तिच्या माहेरचा. रुक्मिणी दारातून म्हणत होती, "धर्मादादानं काय लिहिलंय ते बघा की वो." आम्ही म्हटलं, पाडव्याला गुढीचं बघतात, धर्मादादाचं नाही.

साहेब लोडाला टेकून बसले. शिवकन्या पुढे उभी राहिली. गुढीची पूजा झाल्याशिवाय ती सोडायची कशी, म्हणून आम्ही स्वतः तबकात कापूर लावून आरती ओवाळू लागलो. शिवकन्या म्हणाली, "ठोस." आम्ही ओवाळलं. म्हणाली, "माए." आम्ही ओवाळलं. तोच वात पेटली! म्हणजे मुहूर्त देवानंच साधला. 'गैस' हवाईनं स्वतः म्हणून दाखवली. धूर एवढा की हाताला हात दिसेना. एक सुर्र झालं आणि लगेच देवानं आभाळात थाप मारावी तसा धप्प आवाज. धूर विरला, बघतो तो काय, हवाई नाही! आभाळ लख्ख मोकळं!

साहेब खांबामागून पुढे आले आणि म्हणाले, "वल्ला देशमुख, बहोत ऊंची गई!" मास्तर म्हणाले, ढगात शिरताना पाहिली. रामहरी पाटील म्हणाला, सूर्याच्या डाव्या अंगाला लागून गेली. मोहनराव घोडीच्या पोटाखालून बाहेर आले आणि त्यांनाही कबूल करावं लागलं. ती अजून खाली आलेली नाही. लोक म्हणतात, देशमुखांचा तांब्या इंद्राच्या दरबारात पोचला. साहेब म्हणाले, तसा कागदच पाठवतो.

एकच गालबोट. एवढ्या थोर मंडळींसमोर तुमची भाची म्हणाली, "दादा, ती वर न्हाई गेली. आडवी गेली." साहेबांनी विचारलं, "लडकी क्या बोलती?" आम्ही सांगितलं, धुरानं भेदरली. पण त्या क्षणी आम्हाला काय वाटलं ते आमचं आम्हाला ठाऊक. एवढ्याशा शिकण्यानं जीभ इतकी सुटली, तर आंबेजोगाईला काय होईल? तो विचार आम्ही सोडला आहे. परळीकडून एक स्थळ आलं आहे. बिजवर आहे, पण घरची जमीन आहे. वैशाखात उरकून टाकू.

अर्जुनराव देशमुख


माजलगाव
चैत्र शुद्ध एकादशी

दाजी,

रामराम लिहायला हात उचलत न्हाई, म्हणून तसाच सुरू करतो.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनदा चूळ भरून आलो. चामड्याच्या कुंडाशेजारून गेलो, मेलेलं जनावर ओढलं, तेव्हा अशी शिसारी आली न्हाई. कापराच्या आगीनं दारूची आरती! अहो, चूल पेटवणारी पोर असं करत न्हाई. एखादा मेला कसा न्हाई याचंच नवल. आणि वर सगळे थोर लोक खांबामागं, घोडीखाली, बाकीचे सतरंजीत तोंड घालूनच पडले असतील. कोणी काही पाहिलं न्हाई. पण "मी डोळे मिटले होते" असं म्हणायची एकाचीही छाती झाली न्हाई. एकानं ढग म्हटला, दुसऱ्यानं सूर्य म्हटला. ज्या एकीनं डोळे उघडे ठेवले तिचं लग्न!

आता माझं साधं गणित ऐका. तुमचा शब्द होता, काम साधलं तर पोरगी आंबेजोगाईला जाईल. हवाई आभाळात गेली असेल तर काम साधलं, शब्द पाळा. गेली नसेल तर पोरगी खरं बोलली, मग शिक्षा कसली? दोन्हीकडून वाट आंबेजोगाईलाच जाते. परळीची वाट मला तरी दिसत न्हाई. रुक्मिणी बिजवराला दिली, आता तिची पोरगीही? एका घराला असा किती वेळा हात घालायचा?

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. तुमचं पत्रसुद्धा मी कानानं वाचतो. तुम्ही लिहिलंत, एक सुर्र आणि लगेच धप्प. हवाई वर जाते तेव्हा सुर्र बारीक बारीक होत विरतो. लगेच धप्प होतो तो माळवदावर. आभाळाला माळवद घातलेलं मी तरी ऐकलं न्हाई.

धर्मराज


माजलगाव
तोच दिवस. सिदूच्या हाती.

शिवाबाय,

हे पत्र सिदू तुझ्या हातात देईल. दादांना द्यायचं म्हणाला तर त्याला सांग, मामा हैदराबादेहून त्याच्यासाठी मागवणार आहे ती तंबाखू मिळणार न्हाई.

तू आडवी म्हणालीस ते मी मानतो, पण माझ्या मानण्यानं तुझ्या दादांचं काही हलणार न्हाई. मी लिहिलं होतं ते आठव. दारूची हवा झाली. खण जळाला असेल, डहाळा करपला असेल. पण काठी कापूर नव्हे, आणि तांब्या तर मुळीच न्हाई. तो कुठं तरी आहे. साखरेची गाठी धगीनं वितळली असेल आणि गार झाल्यावर परत घट्ट बसली असेल, कशाला तरी चिकटून. ज्या बाजूला ती गेली असं तुला दिसलं त्या बाजूला बघत राहा. वर चढायचं झालं तर मायला शिडी धरायला लाव, एकटी चढू नको.

सापडलं तर गावभर ओरडू नको. मायला सांग. पुढचं ती बघेल. तुझ्या मायला लोक गरीब समजतात. लहानपणी ती माझ्या वाटची भाकरी कधी खाऊन जायची, मला पत्ता लागायचा न्हाई.

मामा


चौसाळा
वैशाख शुद्ध सप्तमी

राजमान्य धर्मराज यांस,

तुमचं मागचं पत्र आम्ही उत्तर देण्याच्या लायकीचं समजत नाही, तरी देतो.

काळ बदलतो आहे. हैदराबादेत मोठमोठ्या घराण्यांतल्या मुली शिकू लागल्या. देशमुखानं मागे राहावं हे आम्हाला पटेना. एके दिवशी जेवताना आमचा आम्हाला विचार सुचला आणि ताटावरून उठायच्या आत निर्णय झाला. शिवकन्या आंबेजोगाईला जाईल. बायनाबाईकडे राहील. परळीच्या पाहुण्यांना मुलगी लहान आहे असं कळवलं. यात तुमच्या गणिताचा काही संबंध नाही. रुक्मिणीनं वाढताना एक-दोन शब्द काढले असतील, पण बायकांचं बोलणं आम्ही कधी मनावर घेत नाही हे तुम्ही जाणताच. मास्तरांनाही उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

साहेबांच्या कचेरीतून हवाईबद्दल कागद आला. त्यात तिची उंची 'नजरेच्या पलीकडे' अशी नोंदली आहे आणि तांब्या 'आसमानात रवाना' असं लिहिलं आहे. आम्ही तो चौकट घालून बैठकीत लावला. खुर्ची तूर्त मोहनरावांना मिळाली, कारण घोडी साहेबांच्या मुलाला आवडली.

एक विनंती. हवाईचा विषय आता पुरे. माजलगावकडे कोणी विचारलंच, तर कागदात आहे तेच सांगावं. ताणण्यात अर्थ नाही.

अर्जुनराव


आंबेजोगाई
आषाढ शुद्ध द्वितीया

मामा,

आत्या लई चांगल्या आहेत, पण ताकात साखर घालतात. शाळेतल्या बाई मारत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, घट्ट वस्तू तापवली की तिचं काय होतं? सगळ्या म्हणाल्या, पातळ. मी हात वर केला आणि कापराचं सांगितलं. बाई खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं, आता कान गेला. पण त्यांनी आपल्या पेटीतून कापूर आणला आणि सगळ्यांना दाखवला. मग मला पुढच्या बाकावर बसवलं.

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहिते. इथं आत्या माझी पत्रं वाचत नाहीत.

तुमचं पत्र आलं त्यानंतर मी रोज गोठ्याकडे बघायचे, कारण ती तिकडं गेली होती. काहीच दिसायचं नाही. एकदा बैलाला पाणी दाखवायला गेले तर भिंतीवरून मुंग्यांची रांग. ती खाली धान्याकडं जायला पाहिजे होती, पण वर चालली होती, माळवदावर. मी म्हटलं, मातीच्या माळवदावर मुंग्यांना काय पडलंय? मग तुमची गाठी आठवली. मायला बोलावलं. ती म्हणाली, "मुंग्या कुठं बी जातात ग." मग थोडा वेळ बघत राहिली आणि आपणच शिडी घेऊन आली.

मी वर गेले. काठी मधे मोडून पडली होती. नळी काळीठिक्कर. गाठी वितळून तांब्याच्या गळ्याशी घट्ट बसली होती आणि तांब्या मुंग्यांनी काळा झाला होता. मी तो झटकून खाली दिला. मायनं पदरानं पुसला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "माझ्या माहेरचा तांब्या. इंद्राकडं म्हणं!" मग ती इतकी हसली की शिडीच सुटली तिच्या हातातून. मला उडी मारावी लागली. काठी आणि नळी तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

त्या दिवशी दादा जेवायला बसले. परळीच्या स्थळाचंच बोलत होते. मायनं वाढलं आणि तो तांब्या पाण्यानं भरून पानाशेजारी ठेवला. दादांनी हात लावला, उचलला, आणि फिरवून बघितला.

"हा... हा कुठला तांब्या?"

"इंद्रानं परत धाडला."

"रुक्मिणी, थट्टा पुरे. आणि काठी?"

माय म्हणाली, "काठी कापूर न्हाई."

मी दाराआड होते. ते वाक्य मी तिला तुमच्या पत्रातून वाचून दाखवलं होतं. तिला इतकं पाठ होईल असं मला वाटलं नव्हतं.

दादा म्हणाले, "दे इकडं ती काठी. आत्ता."

"देते की. पोरगी आंबेजोगाईला गेली की चुलीत घालते. आन् पोरगी परळीला गेली तर काठी पारावर जाते. मोहनरावाच्या घोडीला खुंटी म्हणून लई बरी हाय."

मायनं भाकरी वाढली, दादांनी ती खाल्ली. दुसरी वाढली, ती पण खाल्ली. मग म्हणाले, "आंबेजोगाईचा विचार तसा माझ्या मनात होताच."

माय म्हणाली, "व्हय, तुमी बोललाच हुता."

काठी तिनं अजून चुलीत घातलेली नाही. मला निघताना म्हणाली, तुझी शाळा पुरी होऊ दे, मग बघू, लाकूड काय कुजत न्हाई.

बैठकीत तो चौकटीतला कागद अजून आहे. पाहुणे आले की दादा तो मोठ्यानं वाचून दाखवतात. आसमानात रवाना, असं म्हणून झालं की त्यांना तहान लागते. पाणी त्याच तांब्यातून येतं. त्याला एका बाजूनं पोचा आलेला आहे.

शिवकन्या